कधीही लागणारी गाडी

चाळीस फॉर्म नीट भरून आले होते. एकेचाळिसावा माझ्या हातात होता आणि गाडं तिथेच अडलं होतं. 'गाडी रोज साधारण किती वाजता लागते?' या प्रश्नापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'कधीही'. त्याखाली, 'त्या वेळी बॅटरी किती टक्के हवी?' त्यापुढे, 'पूर्ण'. नाव वानखेडे, पार्किंग क्रमांक चौदा.

"हे डॉक्टर आहेत का?" मी विचारलं.

समोर लेले बसले होते. कोथरूडमधल्या या सोसायटीचे सेक्रेटरी. कुठल्याही प्रश्नाला कमीत कमी शब्दांत उत्तर देण्याची त्यांची हातोटी होती.

"छे. कारखान्यात फोरमन होते. आता घरीच असतात. तीन वाजता गाडी काढतात, साडेसहाला परत येतात, चार्जरला लावतात. दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत गाडी हलत नाही."

"मग 'कधीही' म्हणजे?"

"ते त्यांना विचारा. माझा सल्ला घेऊन भरलेलं नाही."

माझं काम काय, ते आधी सांगते. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. अठरा वर्षं वीज वितरणात काढली. आता कर्णिक सरांच्या छोट्या कंपनीत आहे. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्या कधी आणि किती वेगानं चार्ज व्हाव्यात, हे ठरवणारी यंत्रणा आम्ही बसवतो.

आता याची गरज काय? वीज टाकीतल्या पाण्यासारखी भरून ठेवलेली नसते. लोक ज्या क्षणी जितकी वापरतात, जवळपास तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. दुपारी सोलरची वीज भरपूर असते. सूर्य कलला की ती ओसरते, आणि नेमकी तीच वेळ लोकांची घरी परतायची. लिफ्ट, पाण्याचे पंप, एसी, मिक्सर, टीव्ही, सगळं एकदम सुरू. त्यात आता गाड्या. जो तो घरी आला की प्लग लावून मोकळा होतो.

पण एसी आणि गाडी यांत एक फरक आहे. एप्रिलमध्ये कुणाचा एसी बंद केला तर तो माणूस पाच मिनिटांत खाली येऊन भांडेल. गाडीचं तसं नाही. ती संध्याकाळी येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाते. मधले बारा तास नुसती उभी. चार्जिंगला लागतात त्यातले दोन-तीन. ते कुठले दोन-तीन, याचं मालकाला काही देणंघेणं नसतं. म्हणून विजेची ओढाताण असेल तेव्हा गाड्यांनी थांबायचं आणि वीज मुबलक असेल तेव्हा भरून घ्यायचं. आमच्या धंद्यात याला फ्लेक्सिबिलिटी म्हणतात. साध्या भाषेत, थांबण्याची तयारी. शेकडो गाड्या अशा थांबल्या तर एखादं वीजकेंद्र केवळ संध्याकाळच्या दोन तासांसाठी चालवावं लागत नाही.

या सोसायटीची अडचण जास्त जवळची होती. कंपाउंडच्या कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर आदल्या उन्हाळ्यात संध्याकाळच्या वेळी तीनदा ट्रिप होऊन बंद पडला होता. एकदा एक बाई नातवाला घेऊन अर्धा तास लिफ्टमध्ये अडकल्या. मोठा ट्रान्सफॉर्मर बसवायला जागा नाही, नवी केबल टाकायची तर रस्ता खोदायची परवानगी नाही. म्हणून वीज कंपनीनं आम्हाला इथे एक पायलट, म्हणजे प्रायोगिक काम दिलं होतं. एप्रिलमधल्या एखाद्या तापलेल्या संध्याकाळी ते टेस्ट म्हणून सिग्नल पाठवणार. सिग्नल आल्यावर दहा मिनिटांत सगळ्या चार्जरचा मिळून लोड तीस किलोवॅटच्या खाली आणायचा आणि दीड तास तिथेच धरून ठेवायचा. एक चार्जर सात किलोवॅट घेतो. म्हणजे फार तर चार गाड्या चालू, बाकी सगळ्या थांबलेल्या.

एका 'कधीही'नं बिघडायचं कारण नव्हतं. पण बिघडलं. वानखेड्यांनी 'पूर्ण' लिहिलंय, हे लिफ्टमध्ये कुणीतरी कुणालातरी सांगितलं. आठवडाभरात अकरा जणांनी फॉर्म परत मागून घेतले आणि स्वतःही 'कधीही, पूर्ण' लिहून दिलं.

"त्यांना काय खास आहे, असं विचारतायत लोक," लेले म्हणाले. "मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यावर म्हणाले, मग आम्हालाही द्या."

कर्णिक सरांचा फोन आला. "एका म्हाताऱ्या माणसाला समजावता येत नाही तुला?"

"अजून भेटलेही नाहीये, सर."

"मग भेट."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी वानखेड्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, कुठेतरी निघाल्यासारखे. पायात मोजेसुद्धा होते. मूळचे अकोल्याकडचे. पुण्यात येऊन चाळीस वर्षं झाली, पण बोलण्यातला 'न' गेला नव्हता.

मी लॅपटॉप उघडून त्यांना आलेख दाखवला. सोसायटीचा दिवसभराचा लोड. दुपारी सपाट, साडेसहाला चढायला सुरुवात, आठच्या आसपास टोक.

"तुमची गाडी दुपारी तीनपर्यंत खालीच असते. सोलरची वीज जोरात असते तेव्हा आरामात भरून होईल. संध्याकाळी लावायची गरजच नाही."

"पण मी तीनला जातो न. आल्यावर ती कमी झालेली असते."

"कुठे जाता?"

"हडपसरपर्यंत. सोलापूर रोडला लागायचं, थोडं पुढे जायचं, परत फिरायचं."

"काही काम असतं?"

"काम नाही. हात चालू राहिला पाहिजे." ते खिडकीकडे बघत म्हणाले, "गाडी मी बासष्टाव्या वर्षी शिकलो."

मी पुन्हा आलेखावर आले. फिरून आल्यावर बॅटरी दहा-बारा टक्केच उतरते. तेवढी भरायला तासभर पुरतो. तो तास रात्री घेतला काय किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला काय, फरक पडत नाही.

"पडतो," काका म्हणाले.

"काय पडतो?"

चहा घेऊन आलेल्या काकूंनी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि तिथेच बसल्या.

"सांगून टाका न त्यांना," त्या म्हणाल्या. "त्या काय परक्यासारख्या विचारून राहिल्या का?"

मग काकूच बोलल्या.

त्यांना एकच मुलगी, अर्चना. सोलापूरला कॉलेजात शिकवते. चार वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत. काकू एकट्या एसटीनं जाऊन आल्या. तेव्हापासून मुलगी आईशी महिन्या-दोन महिन्यांनी बोलते, वडिलांशी नाही. वडीलही फोन घेत नाहीत, पण ती बोलत असते तेव्हा शेजारच्या खोलीत उभे राहतात. दोन वर्षांपूर्वी एकदा आईनं तिला म्हटलं, ये की गं एकदा. ती म्हणाली, 'यावंसं वाटलं तर फोन करीन. बाबांना म्हणावं गाडी घेऊन या न्यायला.'

"तेव्हा आमच्याकडं स्कूटर होती," काकू म्हणाल्या. "ती गमतीनंच बोलली असंल. हे दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग क्लासला गेले."

काकांनी कप उचलला, पण प्याले नाहीत.

"सोलापूर इथून दोनशे साठ किलोमीटर आहे," ते म्हणाले. "गाडी फुल असेल तर एका दमात जाते. तिचा फोन यायचा आणि मी म्हणायचं, थांब, गाडी भरू दे? तुमचं मशीन मला रात्री वीज देणार आहे?"

"वाटेत इंदापूरला चार्जर आहे, काका."

"वाटेत थांबायचं नाही. तिला वाटेल, यायलासुद्धा वेळ लावला."

मी लॅपटॉप मिटला. खरं सांगायचं तर तिथे बसून मला माझे बाबा दिसत होते. ते साताऱ्याला एकटे राहायचे. शेवटची दोन वर्षं मी दर रविवारी फोनवर सांगायचे, पुढच्या आठवड्यात येते. ते विचारायचे, किती वाजता? मी म्हणायचे, बघते, कळवते. सातारा इथून अडीच तासांवर. ते गेल्यावर शेजारच्या भोसले वहिनी म्हणाल्या, 'रविवारी दुपारी न जेवता थांबायचे तुझ्यासाठी.' मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गेले असते का, तेही मला माहीत नाही. अजूनही रविवारी अकरा-साडेअकराला हात फोनकडे जातो. नंबर मी काढून टाकलेला नाही.

हे मी त्यांना सांगितलं नाही. कामाचंच बोलले.

"काका, बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर ठेवली तर ती लवकर थकते. दोन वर्षं तुम्ही ती रोज पूर्ण भरताय. अशीच आणखी चार-पाच वर्षं भरलीत तर एका दमात सोलापूर गाठणार नाही."

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग काय करायचं?"

"पंच्याऐंशी टक्क्यांवर ठेवायची. तेवढ्यात सोलापूर गाठून वर थोडी उरते. आणि फोन आलाच तर..." इथे मी अडखळले, कारण जे बोलणार होते ते यंत्रणेत नव्हतं. "तर तुम्हाला ॲपमध्ये एक बटण देते. 'आत्ता हवी'. दाबलं की तुमची गाडी लगेच पूर्ण वेगानं चार्ज होईल. बाकी सगळे थांबले असले तरी."

"कुणाला विचारावं लागेल?"

"कुणालाच नाही."

"संध्याकाळी थांबायला तयार आहे. पण पंच्याऐंशीचं आत्ता नको. आधी तुमचं बटण बघू."

ऑफिसात कर्णिक सरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमच्या यंत्रणेत तोवर सगळा कारभार आमच्या हातात होता. सिग्नल आला की चार्जर बंद, सिग्नल संपला की चालू. त्यामुळेच वीज कंपनीला आम्ही ठाम आकडा सांगू शकत होतो.

"बटण दिलं की सगळे दाबतात," सर म्हणाले. "पुण्याचे लोक आहेत. फुकट मिळतंय म्हटल्यावर गरज नसताना दाबतील."

"महिन्याला दोनदाच दाबता येईल, असं ठेवू."

"आणि टेस्टच्या दिवशी पाच जणांनी दाबलं तर?"

"तर आपण फेल. पण बटण नसेल तर अकरा जण आत्ताच बाहेर पडतायत. ते दर संध्याकाळी फेल केल्यासारखंच आहे."

सर खूप वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. "तुझ्या जबाबदारीवर," ते म्हणाले.

सोसायटीच्या सभेत मी बटणाचं सांगितलं. लेले म्हणाले, "म्हणजे ज्याला घाई आहे त्यानं घाई करायची, बाकीच्यांनी आरामात बसायचं. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं." एकानं विचारलं, आमच्या गाडीतली वीज तुम्ही परत काढून तर घेणार नाही ना? मी म्हटलं, तसंही करता येतं, पण त्यासाठी वेगळे चार्जर लागतात. इथे आपण फक्त वेळ मागतोय. अकरापैकी दहा जणांनी आपापल्या खऱ्या वेळा लिहून दिल्या. अकराव्यांनीही दिली, पण दुसऱ्या दिवशी, म्हणजे कुणाच्या सांगण्यावरून दिली असं दिसायला नको.

मी वानखेड्यांकडे जाऊन त्यांच्या फोनवर बटण दाखवलं. "महिन्याला दोनदा चालेल," मी म्हटलं.

"दोन कशाला? एकच लागणार आहे," काका म्हणाले.

टेस्टची तारीख आधी कळवायची नाही असं ठरलं होतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वीज कंपनीचे शेख साहेब स्वतःच आले. आम्ही एकेकाळी एकाच डिव्हिजनला होतो. पुण्यातला कुठला फीडर, म्हणजे विजेची मुख्य केबल, कुठल्या गल्लीतून जातो हे त्यांना कागदाशिवाय सांगता येतं. आम्ही सोसायटीच्या ऑफिसात बसलो. शेख साहेब, कर्णिक सर, लेले आणि मी. टेबलावर लॅपटॉप. बाहेर एवढं तापलं होतं की ऑफिसचा पंखा नुसती गरम हवा फिरवत होता.

साडेसहाला गाड्या येऊ लागल्या. स्क्रीनवर एकेक चौकोन हिरवा होत होता. चौदा नंबरही हिरवा झाला. पावणेसातला लोड एकशे सत्तरच्या घरात होता.

"सोडतो," शेख साहेब म्हणाले आणि त्यांनी फोनवरून कुणाला तरी सांगितलं.

सिग्नल आला. चौकोन एकामागून एक पिवळे होत गेले. पिवळा म्हणजे गाडी जोडलेली, पण थांबलेली. एकशे चाळीस. नव्वद. पन्नास. सातव्या मिनिटाला बावीसवर येऊन आकडा थांबला. तीन गाड्या चालू राहिल्या होत्या. त्या मालकांनी फॉर्ममध्येच रोज रात्री आठला गाडी लागते असं लिहिलेलं होतं. सोसायटीत कुणालाही काही कळलं नाही. लिफ्ट चालत होत्या, वरच्या मजल्यावर कुणीतरी तबला वाजवत होतं.

"बरं दिसतंय," शेख साहेब म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

सात वीसला चौदा नंबर हिरवा झाला. आकडा एकोणतीस झाला.

कर्णिक सर पुढे झुकले. "हे काय? कोण आहे हा?"

"बटण दाबलंय, सर. चौदा नंबर."

"बंद कर."

माझ्या स्क्रीनवर तशी सोय होती. एक क्लिक, आणि गाडी पुन्हा पिवळी झाली असती. मालकाला वाटलं असतं, नेटवर्क गेलं असेल.

"नाही करणार, सर."

"टेस्ट चालू आहे."

"म्हणूनच नाही करणार. त्यांना सांगितलंय की कुणाला विचारावं लागणार नाही."

सरांनी शेख साहेबांकडे पाहिलं. शेख साहेब आकड्याकडे बघत होते.

"अजून एकानं दाबलं तर छत्तीस," ते म्हणाले.

"हो. मग फेल."

"ठीक आहे. बसू या," ते म्हणाले.

अजून जवळजवळ तास बाकी होता. लेल्यांनी पाणी आणून ठेवलं. मी आकड्याकडे बघत होते, पण डोक्यात आकडा नव्हता. फोन आला असणार. काकू पिशवी भरत असतील, काका बूट घालत असतील. सातला फोन, आठला निघायचं, मध्यरात्रीच्या सुमाराला सोलापूर. एवढ्या रात्री ते एकटे गाडी चालवणार का, कुणाला बरोबर घेतील का, हेही मनात येऊन गेलं. मुलीनं काय म्हटलं असेल? मला खाली पार्किंगमध्ये पळत जावंसं वाटत होतं. आकडा सोडून उठता येत नव्हतं. चालू असलेल्या तीनपैकी दोन गाड्या भरून झाल्या आणि आता आणखी एखाद्यानं बटण दाबलं तरी चाललं असतं, पण कुणीच दाबलं नाही.

सव्वाआठला शेख साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पास," ते म्हणाले आणि रुमालानं मान पुसली.

मी तशीच खाली गेले. पार्किंगमध्ये चौदा नंबरवर गाडी उभी होती. प्लग लावलेला. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर शेजारी बसले होते. फोन मांडीवर.

"फोन आला?" मी विचारलं. मला धाप लागली होती.

"नाही," ते म्हणाले.

मी तिथेच खांबाला टेकले. "मग बटण?"

"खरं आहे का ते बघायचं होतं."

"काका, आज टेस्ट होती."

"माहीत आहे. दुपारी ऑफिसात माणसं दिसली न मला." त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, ओशाळलेपणही नव्हतं. "इतर दिवशी तर तुम्ही दिलीच असती वीज. ज्या दिवशी तुम्हाला द्यायची नाही त्या दिवशी देता का, ते कळायला पाहिजे. फोन काय चांगला दिवस बघून येणार आहे?"

मला राग आला होता. एका आकड्याच्या फरकानं सगळं काम गेलं असतं. मी तसं बोललेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. मग उठून त्यांनी स्वतःच्या हातानं प्लग काढला. गाडी पूर्ण भरली होती.

"उद्यापासून पंच्याऐंशी करा," ते म्हणाले. "संध्याकाळी लावत नाही आता. दुपारीच लावत जातो."

त्यानंतरचे दोन महिने चौदा नंबर हा आमच्या सगळ्या पायलटमधला सगळ्यात सोयीचा ग्राहक होता. गाडी दुपारी उन्हाच्या विजेवर भरायची, संध्याकाळी हुं की चूं नाही. कर्णिक सरांनी एका प्रेझेंटेशनमध्ये त्याचा आलेखही लावला. नाव न घालता.

जूनमध्ये चार्जरच्या देखभालीसाठी गेले तेव्हा काकू खाली भाजी घेताना भेटल्या. मी काकांचं विचारलं.

"आहेत बरे. पण तुम्ही ते गाडीचं केलं तेव्हापासून त्यांना काम उरलं नाही, बाई. आधी चारदा खाली जाऊन किती भरली बघायचे. आता वर बसून राहतात. फोनकडं बघत."

मी इंजिनिअर म्हणून त्यांची एक काळजी मिटवली होती. त्या काळजीच्या आधारानं माणूस दिवस ढकलत होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये काकांचाच फोन आला. त्यांनी मला याआधी कधी फोन केला नव्हता.

"मॅडम, सोलापूरला जाऊन आलो," ते म्हणाले. "गाडी चांगली गेली."

"फोन आला होता?"

"नाही. आम्हीच गेलो. ही म्हणाली, तुम्ही एवढं रोज हडपसरला जाता, एक दिवस परत नका फिरू."

मग त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं, फोरमन लोक सांगतात तसं. सकाळी सहाला निघाले. साडेअकराला पोचले. दार जावयानं उघडलं. काकांनी त्याला त्याआधी फोटोतही नीट पाहिलेलं नव्हतं. त्यानं पाणी दिलं, पंखा लावला, आणि अर्चना कॉलेजातून चारला येते असं सांगून तिला फोन करायला आत गेला. ती दीडलाच आली. दारात थांबली. म्हणाली, "कळवायचं तरी आधी. घरात काही नाहीये." मग तिनं पिठलं टाकलं आणि भाकरी केल्या.

"काही बोलणं झालं?" मी विचारलं.

"मी म्हटलं, लग्नाला यायला पाहिजे होतं. ती म्हणाली, हो, पाहिजे होतं. नंतर गाडी बघायला खाली आली. कितीची पडली विचारलं. मी म्हटलं, तुझ्यासाठी घेतली."

"पुण्याला येणार आहे का?"

"बघते म्हणाली. कॉलेजचं बघते आणि कळवते."

'बघते, कळवते' हे माझेच शब्द होते. काकांना त्याचं फारसं वाटलं नसावं. ते पुढे गाडीबद्दलच बोलत राहिले. परतताना टेंभुर्णीपाशी पाऊस लागला, वायपर जरा खरखरतोय, कुठे दाखवावा. मी एका गॅरेजचा पत्ता दिला. त्यांनी तो दोनदा विचारून लिहून घेतला. फोन ठेवताना म्हणाले, "दिवाळीला येईल असं हिला वाटतं." स्वतःला काय वाटतं ते नाही सांगितलं. दिवाळीला ती आली नाही. डिसेंबरात नवऱ्याबरोबर दोन दिवसांसाठी येऊन गेली, असं लेल्यांकडून कळलं. रेल्वेनं आली होती. काका स्टेशनवर आणायला गेले होते.

पायलट पूर्ण झाला. वीज कंपनीनं त्याच फीडरवरच्या आणखी सहा सोसायट्या आमच्याकडे दिल्या. शेख साहेबांनी रिपोर्ट मागवला. त्यात एक रकाना होता, 'ग्राहकाने बटण का दाबले?' कर्णिक सर म्हणाले, चुकून दाबलं असं लिही. मी 'खात्री करून घेण्यासाठी' असं लिहिलं. शेख साहेबांनी त्यावर काहीही विचारलं नाही.

या कामातून मी शिकले ते थोडकंच आहे. लोक थांबायला तयार असतात. आम्हाला वाटतं त्याहून बरेच जास्त. फक्त खरी वेळ आली तर आपल्याला थांबवणार नाहीत, एवढा भरवसा त्यांना लागतो, आणि तो लेखी देऊन भागत नाही. तेव्हापासून कुठल्याही सोसायटीची आखणी करताना मी वीज कंपनीला सांगितलेल्या मर्यादेच्या आत तीन गाड्यांची जागा मोकळी ठेवते. बहुतेक दिवस ती तशीच वापराविना राहते. कागदावर ती वाया गेलेली दिसते. कर्णिक सर दर वेळी त्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, ही कशासाठी?

मी सांगते, ज्याला थांबता येणार नाही त्याच्यासाठी. ते म्हणतात, तसं कुणी नाहीये सध्या. मी म्हणते, असेल तेव्हा जागा शोधायला वेळ नसतो.